गडावरची शेवटची पन्नास पावलं

व्याह्यानं आपली मोटार ढकलावी, यापरतं दुर्दैव मुलीच्या बापाच्या वाट्याला येत नाही, असं देवराव डायगव्हाणे यांचं ठाम मत होतं. हे मत त्यांनी कुठं वाचून बनवलं नव्हतं. ते स्वतः स्टिअरिंगवर बसलेले असताना व्याह्यानं त्यांची मोटार ढकलली होती आणि आरशात त्यांना ते सगळं दिसलं होतं.

देवराव पाटबंधारे खात्यात हेड ड्राफ्ट्समन. कालव्याची रेघ कागदावर अशी ओढत की पाण्यालाही तिच्याबाहेर जायची लाज वाटावी. त्यांची मोटार त्रेसष्ट सालची, काळी, गोल पाठीची, साहेबांची बदली झाली तेव्हा स्वस्तात मिळालेली. वीस वर्षांच्या गाडीनं जेवढं चालावं तेवढं ती चालायची आणि जेवढं थांबावं त्याहून थोडं जास्त थांबायची. पण मोटार ती मोटार. त्या अख्ख्या गल्लीत दुसरी नव्हती.

मुलीच्या, गोपिकाच्या, लग्नानंतरच्या पहिल्या दिवाळीत देवरावांनी हौसेनं व्याह्यांना रामटेकला नेलं. व्याही चंपतराव म्हणजे कळमन्याच्या बाजारातले धान्याचे अडते. माणूस वजनानं आणि मानानं दोन्हीकडून भारी. कडक इस्त्रीचं धोतर, कोशाच्या रेशमाचा कुडता, खांद्यावर उपरणं. गडाच्या शेवटच्या वळणावर, देऊळ समोर दिसत असताना, मोटारीनं एक सुस्कारा टाकला आणि ती उभी राहिली. देवराव काही बोलायच्या आत चंपतराव खाली उतरले, धोतराचा काचा मारला आणि गाडीच्या पाठीला दोन्ही हात लावले. पन्नास पावलं गाडी ढकलली त्यांनी. डिकीवरच्या धुळीत त्यांच्या पंजांचे ठसे उमटले. देवरावांनी ते घरी येऊन तीनदा पुसले, तरी त्यांना ते दिसतच राहिले.

पुढचं दुःख वेगळं होतं. चंपतराव ही गोष्ट जिथं जातील तिथं सांगू लागले. पुतण्याच्या साखरपुड्यात पन्नास पावलांची शंभर झाली. कामठीच्या एका बारशात त्यांनी गाडी गडाच्या पायथ्यापासून ढकलली, आणि उमरेडच्या लग्नात तर थेट मनसरपासून. लोक पोट धरून हसत. देवरावही हसत, कारण मुलीच्या बापाला दुसरं काही करता येत नाही. घरी आल्यावर मात्र ते बायकोला, प्रेमिलाबाईंना, विचारत की या माणसाला दुसरा विषय नाही का. प्रेमिलाबाई म्हणत, चांगलं बोलतात ते, प्रेमानं सांगतात. देवरावांना या उत्तरानं आणखीच राग येई.

अशात गोपिकाला मुलगा झाला आणि त्याचं जावळ रामटेकच्या गडावर काढायचं ठरलं. मामाच्या मांडीवर बसवून जावळ काढतात, म्हणजे मान देवरावांच्या घराचा. चंपतराव सहज म्हणाले की आमच्या बाजारातला ट्रक आहे, त्यात सगळे जाऊ. बैठकीत वीस माणसं होती. देवरावांनी चहाची बशी खाली ठेवली आणि जाहीर केलं की नातू त्याच्या आजोबांच्या गाडीतूनच गडावर चढेल आणि देवळाच्या दारापर्यंत कोणालाही खाली उतरावं लागणार नाही. असं बोलून झाल्यावर त्यांना फार बरं वाटलं. हे बरं वाटणं साधारण घरी पोहोचेपर्यंत टिकलं.

दुसऱ्या दिवशी बोनेट उघडलं आणि गल्ली जमली. बोनेट उघडलेली मोटार आणि उघड्यावर बसलेला न्हावी यांच्याभोवती माणसं का जमतात, याचा कोणी तरी अभ्यास करायला हवा. शेजारचे बाबाराव रेल्वेतून गार्ड म्हणून निवृत्त झालेले. गार्ड गाडीच्या शेवटच्या डब्यात असतो आणि इंजिन पहिल्या टोकाला, पण तीस वर्षं इंजिनाच्या मागे मागे फिरल्यामुळं इंजिनातलं आपल्याला सगळं कळतं असा त्यांचा समज होता. त्यांनी निदान केलं की वाफ कमी पडते आहे. गाडी पेट्रोलची आहे हे देवरावांनी नम्रपणे सांगितल्यावर ते म्हणाले, तत्त्व एकच. समोरच्या सिंधूताईंनी लिंबू-मिरची बांधायला सांगितली आणि ती बांधूनही दिली. सगळ्या सल्ल्यांत तेवढी एकच गोष्ट अशी निघाली की जिनं पुढं काही बिघडवलं नाही.

खरा माणूस भेटला तो कवडू फिटर. उमरेडच्या कोळशाच्या खाणीतली मोठाली यंत्रं दुरुस्त करणारा, रविवारी एस.टी.नं नागपूरला येऊन खाजगी कामं करणारा. बोलणं मोजकं आणि नखं कायमची काळी. त्यानं इंजिन सुरू करून कान लावला, बंद केलं आणि बिडी पेटवली. इंजिन म्हातारं आहे पण आजारी नाही, असं त्याचं मत पडलं. मग पिशवीतून त्यानं गोगलगायीसारखं वळलेलं, लोट्याएवढं लोखंड काढलं. खाणीतल्या एका पंपाच्या इंजिनावरचा टर्बो होता तो, भंगाराच्या लिलावात रीतसर पावती करून घेतलेला.

देवरावांना आकृतीशिवाय काही समजत नसे, म्हणून कवडूनं अंगणातल्या मातीत काडीनं ती काढून दाखवली. इंजिनातून धूर जोरात बाहेर जातो. त्या जोरावर एक पंखा फिरतो. त्याच्या दांड्यावर दुसरा पंखा असतो, तो हवा दाबून इंजिनात कोंबतो. हवा जास्त, तर जोर जास्त. जो धूर आजवर फुकट जात होता तोच कामाला लागणार, हे ऐकून देवरावांच्या डोळ्यांत पाणी यायचं बाकी राहिलं. टाकाऊतून टिकाऊ काढणं हा त्यांच्या घराण्याचा धर्म होता. त्यांच्या अंगातला बनियनसुद्धा पुढं मोटार पुसायलाच जात असे.

कवडूनं मात्र बोट वर केलं. "साहेब, एक गोष्ट ध्यानात ठेवा. हवा वाढली त पेट्रोलबी वाढलं पायजे. पेट्रोल कमी पडलं त आतली आग कोरडी होते, आन् कोरडी आग पिस्टन खाते." कार्बोरेटरखाली एक सहा कोनांचा नट असतो, तो त्यानं दाखवला. एकेक कोन वर फिरवला की पेट्रोल कमी होतं, खाली फिरवला की वाढतं. "मी जुळवून देईन तसाच राहू द्या. प्लग काढून पाहाल त तो चहाच्या रंगाचा दिसला पायजे. आन् चढावर डब्यात खडे हलवल्यासारखा आवाज आला, त पाय उचला." देवरावांनी हे सगळं सुवाच्य अक्षरात वहीत लिहून घेतलं आणि खाली दुहेरी रेघ मारली.

काम तीन रविवार चाललं. तेवढ्यात देवरावांच्यातला सरकारी माणूस जागा झाला. मोटारीत फेरफार केला तर नोंद हवी. त्यांनी टर्बोचं तीन बाजूंनी काढलेलं नकाशाचित्र ट्रेसिंगवर उतरवलं, तीन प्रती केल्या आणि आर.टी.ओ. ऑफिस गाठलं. तिथला कारकून सज्जन होता, पण त्याच्या फॉर्ममध्ये टर्बो नव्हता. चाकांची संख्या बदलली का, बसायच्या जागा वाढल्या का, रंग बदलला का, असे तीनच रकाने. देवराव प्रत्येक प्रश्नाला नाही म्हणत गेले. कारकून म्हणाला, मग बदललं काय? देवरावांनी अर्धा तास समजावलं. आजूबाजूची चार टेबलंही समजून घ्यायला आली, आणि त्यातल्या एकानं आपल्या स्कूटरला हे बसेल का म्हणून विचारलं. पाचव्या खेपेला मोटार समक्ष तपासली गेली आणि कागदावर नोंद झाली ती अशी: हवा भरण्याचे उपकरण, नग एक. म्हणजे कायद्याच्या नजरेत टर्बोचा दर्जा सायकलच्या पंपाएवढाच ठरला. देवरावांना थोडं लागलं, पण कागदावर शिक्का होता आणि शिक्क्यापुढं ते नेहमीच शांत होत.

पहिली चाचणी उमरेड रोडवर झाली. मागच्या सीटवर बाबाराव गार्डाचं जुनं घड्याळ घेऊन तारेचे खांब मोजत बसले. देवरावांनी पाय दाबला. आधी काहीच झालं नाही. मग बोनेटखाली बारीक शीळ वाजली आणि मोटार अशी उसळली की बाबारावांचे चार खांब मोजायचे राहून गेले. समोरचा ट्रक मागे गेला. वीस वर्षांत त्या मोटारीनं बैलगाडीखेरीज कोणाला मागं टाकलेलं नव्हतं. देवरावांनी परत येऊन गाडी दारात लावली तेव्हा ते शेजाऱ्यांशी बोलताना हात पाठीमागे बांधून बोलू लागले होते. प्रेमिलाबाईंनी नारळ फोडला. कवडूनं खोबऱ्याचा तुकडा तोंडात टाकला, नटाकडे पुन्हा एकदा बोट दाखवलं आणि तो एस.टी. पकडायला गेला.

इथवर सगळं ठीक होतं, आणि इथंच थांबले असते तर ही गोष्ट सांगायची वेळ आली नसती. पण देवरावांना एक सवय होती. ऑफिसची जुनी फुटपट्टी ते पेट्रोलच्या टाकीत बुडवून पाहत. पूर्वी पट्टी ओली निघे तिथवर आता ती कोरडी निघू लागली. पहिल्या दिवशी त्यांना पट्टीचीच शंका आली. दुसऱ्या दिवशी जेवण गेलं नाही. गाडीनं प्यावं, पण आपल्या ऐपतीत प्यावं, असं त्यांचं म्हणणं. मोटार घोड्यासारखी धावावी आणि चिमणीसारखी खावी, ही मध्यमवर्गाची फार जुनी इच्छा आहे, आणि तिच्यापायी आजवर मोटारीच काय, माणसंही झिजली आहेत.

एका रविवारी कोणी नसताना त्यांनी पाना घेतला आणि नटाचा एक कोन वर फिरवला. फक्त एक. गाडी चालवून पाहिली तर ती उलट जास्तच चपळ वाटली. देवरावांना वाटलं, कवडू खाणीतला माणूस, त्याला सरकारी डिझेलची सवय, त्याला काटकसर कुठून कळणार. पुढच्या रविवारी दुसरा कोन फिरला. फुटपट्टी पुन्हा ओली निघू लागली आणि देवराव पोटभर जेवले. प्लग काढून पाहिला तर तो चहाच्या रंगाचा नव्हता, पांढराशुभ्र होता. वहीत काय लिहिलं आहे हे पाहायचं सोडून त्यांनी तो बाबारावांना दाखवला. बाबाराव म्हणाले, धुतल्यासारखा निघाला, आतून इंजिन किती स्वच्छ जळतंय पाहा. ज्याला पाहिजे तेच उत्तर देणारा शेजारी मिळणं हे मोठं भाग्य असतं, आणि देवराव त्या बाबतीत भाग्यवान होते.

जावळाच्या दिवशी सकाळी, आंघोळ करून, टिळा लावून, लांबचा प्रवास आहे तेवढीच बचत म्हणून त्यांनी तिसरा कोन फिरवला.

मामा, म्हणजे देवरावांचा मुलगा शालिकराम, आणि जावई पुढं एस.टी.नं गेले होते. मोटारीत पुढं चंपतराव, मागं प्रेमिलाबाई, विहीण सत्यवतीबाई आणि बाळाला घेऊन गोपिका. कामठी केव्हा गेली कळलं नाही. कन्हानच्या पुलापलीकडं देवरावांनी जावई बसलेली एस.टी. मागं टाकली आणि आरशात न पाहण्याचा मोठेपणा दाखवला. चंपतराव मात्र गप्प होते. एरवी ज्या माणसाचं तोंड सुपारी खातानाही बंद होत नसे तो आज खिडकीबाहेर पाहत होता. मनसर आलं तेव्हा एकदा त्यांनी विचारलं, "इवाई, आता गाडी चढते म्हणता?" देवराव म्हणाले, "पाहालच." चंपतरावांनी "हाव" म्हटलं आणि पुन्हा बाहेर पाहू लागले. व्याह्याची गोष्ट आज आपण संपवणार, याचा देवरावांना इतका आनंद झाला की त्यांनी गडाच्या पायथ्याशी गिअर बदलताना थोडी शीळही घातली.

गाडी गडावर खरंच चढली. पहिलं वळण, दुसरं वळण, शीळ वाजवत, रस्त्यावरच्या माकडांना बाजूला सारत. तिसऱ्या वळणावर देवरावांना टकटक ऐकू आली, डब्यात खडे हलवल्यासारखी. त्यांनी पुढंच पाहत प्रेमळपणे सांगितलं की गोपिका, बाळाचा खुळखुळा जरा थांबव, गाडीचा आवाज ऐकू दे. मागून गोपिका म्हणाली, "बाबा, खुळखुळा त घरीच राहिला. पोरगं झोपून आहे."

देवरावांना वही आठवली. दुहेरी रेघही आठवली. पण देऊळ समोर दिसत होतं, तेच वळण होतं, आणि वीस माणसांपुढं दिलेला शब्द होता. पाय उचलायच्या ऐवजी त्यांनी तो आणखी दाबला. बोनेटखाली काही तरी मोठ्यानं उडालं, मागं पांढऱ्या-निळ्या धुराचा पडदा पसरला, आणि शीळ, टकटक आणि मोटार तिन्ही एकदम बंद झाल्या. देवळाचं दार पन्नास पावलांवर राहिलं.

बाजूला सरलेली माकडं पुन्हा रस्त्यावर येऊन बसली. देवराव दोन्ही हातांनी स्टिअरिंग धरून समोर पाहत राहिले. डोळे भरून आले होते, पण धुराचं निमित्त होतं म्हणून निभावलं. कोणी काही विचारायच्या आत त्यांनी स्वतःच सांगून टाकलं की पेट्रोल वाचवायला आपणच नट फिरवला, कवडूची चूक नाही, गाडीचीही नाही. "मी तुमाले उतरू देणार नाही म्हटलं होतं," एवढं म्हणून ते थांबले.

चंपतरावांनी दार उघडलं. खाली उतरले, उपरणं प्रेमिलाबाईंच्या हाती दिलं आणि धोतराचा काचा मारला. सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या चेहऱ्यावर हसू होतं. "बरं झालं बाप्पा," ते म्हणाले. "या टायमाले ढकलाले भेटत नाही का काय, असं वाटून राहिलं होतं मले."

देवरावांना वाटलं टोमणा आहे. पण चंपतराव खिडकीशी वाकून हळू आवाजात बोलू लागले. "नवरदेवाचा बाप झालो तवापासून जिथं जातो तिथं मले पाटावर बसवतेत. पाणी द्या, पान द्या, गादी टाका. काम कोणी सांगत नाही. घरात लग्न असून मी परक्यावानी बसतो. त्या दिवशी तुमची गाडी ढकलली, धोतर घाण झालं, आन् मले वाटलं, चला, आता आपण खरे सोयरे झालो. काहून सांगतो मी साऱ्याईले? अभिमान वाटते म्हणून सांगतो." मग सरळ होत म्हणाले, "उतरा गा आता. माणसाले दोन हात हायेत, बसून काय करता?"

देवराव उतरले. स्टिअरिंगवर प्रेमिलाबाई बसल्या, ज्यांनी आयुष्यात सायकलही चालवली नव्हती, आणि सत्यवतीबाई शेजारी बसून त्यांना वं बाई उजवीकडं, वं बाई डावीकडं असं सांगू लागल्या. मागं दोन्ही व्याही खांद्याला खांदा लावून उभे राहिले. दर दहा पावलांना चंपतराव दम खायला थांबत आणि गाडी मागं येऊ नये म्हणून चाकाखाली दगड लावत. दगड लावायची त्यांची हातोटी पाहून देवरावांना प्रथमच कळलं की हा माणूस गादीवर बसायच्या आधी पोती उचलत होता. देवळाशी पोहोचले तेव्हा डिकीवर चार पंजे उमटले होते.

जावळ मुहूर्तावर निघालं. शालिकरामच्या मांडीवर बाळ भोकाड पसरून रडलं आणि मुंडण झाल्यावर हुबेहूब चंपतरावांसारखं दिसू लागलं. उतरताना इंजिनाची गरजच नव्हती. ब्रेक शाबूत होते, आणि गाडी गडावरून शांतपणे खाली आली. पायथ्यापासून, निरोप धाडून मागवलेल्या कळमन्याच्या ट्रकानं दोर बांधून ती नागपूरला आणली. ट्रकात बसलेल्या चंपतरावांनी कामठीला ट्रक मुद्दाम थांबवला, चहा घेतला आणि टपरीवाल्याला सगळी गोष्ट सांगितली. या खेपेला देवराव मधेमधे तपशील दुरुस्त करत होते.

रविवारी कवडू आला. त्यानं इंजिन उघडलं, दुसऱ्या नंबरचा पिस्टन हातात घेतला आणि त्यातल्या सुपारीएवढ्या भोकातून देवरावांकडं पाहिलं. विचारलं फक्त एवढंच की किती कोने फिरवले. देवरावांनी तीन बोटं दाखवली.

कवडूनं मान हलवली. "एक कोना मी तुमच्या नावानं ज्यादाच ठेवला होता, साहेब. पांढरपेशा माणूस हाय, नट फिरवल्याबिगर राहणार नाही, हे मले ठावं होतं. तुम्ही तीन फिरवाल असं काही वाटलं नव्हतं." आपल्या काटकसरीचं माप कोणी आधीच घेऊन ठेवलं होतं हे ऐकून देवरावांना राग यायला हवा होता. पण त्यांना हसू आलं, आणि बाबाराव आपला प्लगचा शेरा विसरून कुंपणापलीकडून हसले.

टर्बो निघाला. कवडूनं तो परत पिशवीत घातला आणि कुठूनसा जुना पिस्टन आणून गाडी चालती केली. भोक पडलेला पिस्टन चंपतरावांनी मागून नेला. कळमन्याच्या दुकानात, गादीशेजारी, तो उपडा ठेवलेला असतो आणि रोज सकाळी त्या भोकात ते उदबत्त्यांचा जुडगा लावतात. तेलही गेलं, तूपही गेलं, हाती धुपाटणं आलं, असं देवराव म्हणतात, पण म्हणताना त्यांचा चेहरा चांगला फुललेला असतो.

दोन वर्षांनी गोपिकाला दुसरा मुलगा झाला. जावळ पुन्हा गडावरच ठरलं आणि चंपतरावांनी या खेपेला ट्रकाचं नावही काढलं नाही. देवरावांनी कवडूला बोलावलं. त्यानं इंजिन ऐकलं, नट तपासला, तो जागच्या जागी आहे हे पाहून कौतुकानं मान डोलावली आणि म्हणाला की आता टर्बोशिवायही गाडी देवळाच्या दारापर्यंत चढेल असं करून देतो.

देवरावांनी स्वतःच्या हातानं पाना कवडूच्या हातातून काढून घेतला.

"शेवटल्या वळणापर्यंत चढली तरी पुरे," ते म्हणाले. "पुढचं इवाई पाहून घेतील."